तेवीस जोड्यांची तीट

बशीरचाचांच्या तेवीस चित्रांवरची घाण मी तीन आठवडे बसून साफ केली, आणि ती घाण नव्हती.

घडलं ते एवढंच. पुढचं सगळं या वाक्याची शेपूट आहे, आणि दर वर्षी पोळा जवळ आला की ही शेपूट हलायला लागते. आज सकाळी हललीच. अकोल्याच्या बाजारात दुकानांबाहेर मठाट्या, मोरक्या, गोंडे, घुंगरमाळा असा बैलांचा साज टांगलेला दिसला. एक म्हातारा शिंगांना लावायच्या रंगाचा डबा उघडून वास घेऊन पाहत होता, जसा आपण खरबुजाचा घेतो. तो वास माझ्यापर्यंत आला आणि मी भर रस्त्यात एकटाच हसलो. पानठेल्यावरच्या माणसानं विचारलं, "काय झालं भाऊ?" म्हटलं, काही नाही, एक जुना मूर्खपणा भेटला.

तेव्हा माझं अकोल्यात डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, साखरपुड्याचे अल्बम. अकोला, दर्यापूर, तेल्हारा या पट्ट्यात पेंटर लोकांच्या पोटावर ज्या पायांनी पाय दिला, त्यांतला एक माझा होता, हे आधीच कबूल केलेलं बरं. आठ दिवस लागणारा बोर्ड मी एका तासात गुंडाळी करून हातात द्यायचो. तो दोन उन्हाळ्यांत फाटायचा, पण गिऱ्हाइकाला वाटायचं, तोवर आपलं नशीबच बदलेल, मग बोर्डही बदलू.

बशीरचाचा दर्यापूरचे पेंटर. अचलपूरला मामाच्या हाताखाली शिकलेले. कृषी केंद्रांचे बोर्ड, सायकलच्या दुकानांचे बोर्ड, दमणीच्या, म्हणजे हलक्या बैलगाडीच्या, फळ्यांवरचे मोर हा त्यांचा रोजचा धंदा. पण त्यांचं नाव होतं ते बैलांसाठी. ती वर्षं कसली होती हे मी सांगायला नको. वऱ्हाड रोज बातम्यांत असायचं, आणि कशासाठी असायचं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. बातमीत न आलेली एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती. कडबा परवडेना, ट्रॅक्टर भाड्यानं मिळू लागला, आणि घरोघरच्या जोड्या बाजाराकडे निघाल्या. निघण्याच्या आधी माणसं ती जोडी चाचांच्या अंगणात आणून उभी करायची. चाचा पत्र्यावर ऑईलपेंटनं तिच्यातल्या लाडक्या बैलाचं चित्र काढायचे. जोडी बाजारात जायची, पत्रा घरी जायचा.

फोटोवरून चाचा काढत नसत. बैलापुढे कडबा टाकायचा आणि तासभर नुसतं बसायचं. "आदी तो मले पायते," ते म्हणायचे, "त्याचं पाहून झालं का मंग मी त्याले पायतो." म्हणून त्यांच्या चित्रातले बैल देखणे नसत, ओळखीचे असत. एकाच्या डोळ्यांत स्पष्ट दिसे की याला मालक पसंत नाही.

पुढे माझ्यासारख्यांनी बोर्डांचं काम बंद पाडलं, आणि विकायला जोड्याही उरल्या नाहीत. चाचांनी कुंचले घासलेटच्या डब्यात ठेवले ते ठेवलेच. अशा वेळी मला इंटरनेटवर एक दुकान सापडलं. तुम्ही फक्त चित्रं पाठवायची. मग जगात कुणीही ते चित्र कपावर, टी-शर्टवर, भिंतीच्या पोस्टरवर छापून मागवू शकतं. छापणारे ते, पाठवणारे ते, बंगळूरकडचे कुणी. पोळ्याच्या दिवशी चाचांच्या नावाचं दुकान उघडायचं असं मी ठरवून टाकलं. मला पुण्य करायचं होतं म्हणावं, तर तसं काही नव्हतं. मला शहाणपणा दाखवायचा होता.

चाचा बाजेवर बसून ऐकत होते. चाची सुपात मूग पाखडत होती.

"म्हंजे माया बैल बंगलोरच्या मानसाच्या च्याच्या कपावर?"

"हौ चाचा."

"अन् तो सकायी उठून त्याच्या तोंडाले तोंड लावंल?"

"बैल को क्या फरक पडता जी," चाची सुपातून म्हणाली, "कपवाले का सोचो."

चाचा हसले, पण लगेच गंभीर झाले. "एकच सांगतो तुले. जसं हाय तसं जाऊ दे. तुयं डोकं नोको लाऊ."

डोकं लावू नको, या अटीचा मला जराही अपमान वाटला नाही. कारण मी ती ऐकलीच नाही.

मग मी एकटाच काळीपिवळी जीपनं फिरलो. गळ्यात कॅमेरा, मांडीवर कुणाचं तरी लेकरू, पायाशी कुणाची तरी कोंबडी. तेवीस घरं. पत्रे कुठे देवघराशेजारी, कुठे चुलीमागच्या भिंतीवर, कुठे रिकाम्या गोठ्यात दावणीच्या वर. पत्रा उतरव, उन्हात धर, फोटो काढ, चहा नको म्हण, चहा पी, पळ. कुणाशी दोन शब्द धड बोललो नाही. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला बोलायला वेळ कुठे असतो?

दुकानात येऊन फाईली बनवायला बसलो. त्या ऑनलाइन दुकानाचे नियम हुंड्याच्या यादीसारखे होते. इंचाला तीनशे ठिपके पाहिजेत. कडेला चहूबाजूंनी कापायला जागा पाहिजे. टी-शर्टसाठी बैलामागचं आभाळ काढून टाकलं पाहिजे. पडद्यावर हिरवाकंच दिसणारा पोपटी छापताना शिळ्या मेथीसारखा होतो, म्हणून रंगही आधीच बदलून घेतले पाहिजेत. एका बैलाचं आभाळ काढायला मला अख्खी दुपार लागायची. शेपटीच्या गोंड्याचा एकेक केस कातरत शेवटच्या केसापाशी यावं आणि लोडशेडिंग सुरू व्हावं. यूपीएस फक्त किंचाळायचा. त्याच्यात जीव उरला नव्हता. मग मी दारात खुर्ची टाकून बसायचो, समोरचा शिंपीही बसायचा, आणि आम्ही दोघं मिळून वीज मंडळाचा उद्धार करायचो. सोयाबीनच्या वासाचा ओला वारा शहरात घुसायचा. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला फार आवडायच्या. इतकं नेटानं मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

आणि नेटानं काम करता करता मला ते डाग दिसले.

प्रत्येक चित्रावर कुठेतरी एक काळं, तेलकट बोट उमटलेलं. एका बैलाच्या गालावर, एकाच्या खुराशी, एका ठिकाणी तर चक्क आभाळात. शिवाय काही बैलांच्या खांद्यांवर पिवळट, चिकट चट्टे. मी म्हटलं, चुलीपाशी टांगल्यावर दुसरं काय होणार. आता माझा इतिहास असा, की लग्नाच्या अल्बमात नवऱ्यांचे आणि नवऱ्यांपेक्षा जास्त नवरींचे मुरूम पुसून पुसून माझा हात बसला होता. एकदा एका नवरीच्या हनुवटीवरचा जन्मजात तीळ मी सगळ्या अल्बमातून उडवला होता, आणि तिच्या आईनं दुकानात येऊन विचारलं होतं, "ही कोनाची पोरगी हाय?" त्यातून मी काय शिकलो? काही नाही. बाजूचा रंग उचलायचा, डागावर बसवायचा. एकेक बोट मी असं मिटवलं, की बैलालाही पत्ता लागू नये. पिवळे चट्टे धुतले. साफ केलेली फाईल जुन्या फाईलीवरच सेव्ह केली, म्हणजे पसारा नको. कॅमेऱ्यातले मूळ फोटो एका साखरपुड्यासाठी जागा हवी म्हणून पुसून टाकले. माझा टापटीपपणा इथेच थांबला असता तर बरं झालं असतं, पण तो शेवटपर्यंत गेला.

पोळ्याला आठ-नऊ दिवस असताना नमुने आले. एक कप, एक टी-शर्ट, एक पोस्टर. मी ते मांडीवर घेऊन दर्यापूरला गेलो. आधी कप काढला. त्यावर तेल्हाऱ्याकडच्या नारायणराव नावाच्या शेतकऱ्याचा बैल होता. त्याचं नाव तहसीलदार, कारण तीनदा विनंती केल्याशिवाय तो जागेवरून उठत नसे. चित्र कपाभोवती कसं फिरवायचं याचा माझा हिशेब थोडा चुकला होता. तहसीलदारांचं तोंड कपाच्या कानामागे गेलं होतं आणि समोर, अगदी मधोमध, त्यांची पाठमोरी बाजू आली होती.

चाचीनं कप हातात फिरवला. "या अल्ला. पिछवाडा कायकू छापा रे? मेहमान को ये बताके चाय देऊं?"

टी-शर्ट काळा होता आणि बैलाभोवतीचं आभाळ काढायचं नेमकं त्याच फाईलीत राहून गेलं होतं. त्यामुळे छातीवर आभाळाचा चौकोन आणि चौकोनात बैल, जसा ओळखपत्रावर. मी पटकन पोस्टर उलगडलं. ते मात्र झकास होतं. चाचांनी चष्मा पुसला, पोस्टर मांडीवर घेतलं आणि बैलाच्या गालावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. काळोखात भिंतीवर बटन शोधावं तसं.

"बोट कोठी गेलं?"

"कोनतं बोट?"

"मायं. इथं होतं."

"तो डाग होता ना चाचा. म्या काढला."

"ह्याचाच?"

"नाई, तेवीसच्या तेवीस. एकदम साफ." हे मी अभिमानानं सांगितलं. ते अजून माझ्या कानात वाजतं.

चाचा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी निभावून नेलं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "लेकराले नहाऊ-माखू घालून भाईर काढतानी माय काय करते?"

"तीट लावते."

"मंग? तो बैल घरून चालला होता बाप्पा. बजारात हजार डोये. अन् घरच्याचे डोये तं त्याहून खराब, ते तं रडून राह्यले होते. चित्र झालं का मी दिव्याचं काजय बोटाले घेतो अन् लावतो. ज्याले जिथं पायजे तिथं. तू पुसून टाकली?"

माझ्या डोक्यात लगेच उपाय आला. अशा वेळी माझं डोकं फार वेगानं चालतं, आणि नेहमी खड्ड्याच्या दिशेनं. "चाचा, एका कागदावर बोट उमटवा. मी स्कॅन करून सगळ्या चित्रांवर बसवतो. पाच मिनिटांचं काम हाय."

"एकच बोट तेवीस जागी?" चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कडब्यात निघालेल्या दगडाकडे बैल पाहतो. "बँकेचा फारम हाय का बे हा? ... जाऊ दे. हे बैल माये नाईत. दुकान लाव का नोको लाऊ, मायं नाव काढ त्याच्यातून."

ते उठून आत गेले. घासलेटच्या डब्यात ते कुंचले उभे होते, वर्षभराच्या धुळीनं पांढरे झालेले. आज कदाचित ते बाहेर निघाले असते, हे मला तेव्हा कळलं. दुकान, कप, टी-शर्ट हे सगळं निमित्त होतं. या माणसानं पुन्हा कुंचला धरावा म्हणून मी खटपट करत होतो, आणि हे मलाच माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचीनं ते पाहिलं आणि माझ्यापुढे चहा ठेवला. त्याच कपात.

"पी. तेरे कू येच्च में पीना पडेंगा."

मी प्यायलो. तहसीलदारांची पाठ बघत बघत शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. तेवढ्यात आतून आवाज आला.

"उद्या सकायी पयल्या जीपनं येजो. म्या येतो संगं. तुयाच्यावर भरोसा नाई."

पुढचे सात दिवस! आता या वयात कुणी मला विचारलं की तुझ्या जन्मातलं सुख दाखव, तर मी त्या सात दिवसांवर बोट ठेवीन, आणि ते बोट काजळाचं असेल. झड लागलेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन आणि पऱ्हाटी, आणि मधून काळ्या चिखलात आमची जीप म्हशीसारखी डुलत चाललेली. चाचा ड्रायव्हरशेजारी, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, गळ्यात मफलर. मी मागे लटकलेला. गावात शिरलो की कुणीतरी ओरडायचं, "पेंटर आले, पेंटर!" आणि मी आलो तेव्हा ज्यांनी मला नुसता चहा पाजला होता, तीच घरं चाचांसाठी भाकरी थापायला बसायची. चाचा आधी माणसाकडे जातच नसत. चुलीमागच्या भिंतीपाशी जाऊन ते पत्र्याला म्हणायचे, "काय बे, बरा हायेस का?" मग घरच्यांकडे वळून, "ह्यो तुमाले पायते का अजून?" घरचे म्हणायचे, "पायते तं! भाकर जास्त खाल्ली का डोये वटारते." मग जो तो त्या बैलाच्या खोड्या सांगायला लागायचा. कुणी अमरावतीच्या बाजारातून पळून पाच दिवसांनी घरी परत आला होता, कुणी पाटलिणीचं वाळत घातलेलं लुगडं खाल्लं होतं. बैल विकल्यापासून त्यांचं नाव न घेणारी घरं तासतासभर हसायची. मी फोटो काढायचो आणि या वेळी एकही डाग, एकही ओरखडा चुकवत नव्हतो. आभाळातलं ते बोट का, तेही विचारलं. चाचा म्हणाले, "तो बैल सारखा वर पायत होता. त्याची नजर आभायाले लागली असती."

सातव्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, आम्ही नारायणरावांच्या घरी पोहोचलो. खांदशेकणीचा दिवस. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे त्या दिवशी लोणी-हळदीनं शेकतात आणि त्यांना उद्याच्या पुरणपोळीचं आवतण देतात. नारायणरावांचा गोठा मोकळा होता. मी पत्रा उतरवून अंगणात टेकवला आणि कॅमेरा लावला. तहसीलदारांच्या खांद्यावर काहीतरी फार चकाकत होतं. माझा हात. काय सांगू. खिशातून रुमाल निघाला आणि मी ते पुसलं.

मागे वळलो तर नारायणरावांची बायको उभी. एका हातात लोण्याची वाटी, दुसऱ्यात पळसाचं पान. नुकतंच तिनं ते पत्र्यावरच्या खांद्याला लावलं होतं आणि आणखी लोणी आणायला आत गेली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या घरी पाव्हन्याच्या तोंडचा घास पुसतेत का?"

चाचा ओट्यावर बसून इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि नारायणरावांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. मी रुमाल हातात घेऊन उभा. त्यावर पिवळा चट्टा. दुकानात बसून मी धुतलेले तेच ते पिवळे चट्टे. बाईनं मला बाजूला सारलं, पळसाच्या पानानं पुन्हा दोन्ही खांदे माखले आणि पत्र्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तिच्या आवाजात दुःख शोधायला गेलात तर सापडलं नसतं. ती खरोखरच बोलावत होती. मी लोण्याच्या चकाकीसकट फोटो काढला. तेवीस चित्रांत तो फोटो कंपनीच्या नियमांप्रमाणे सगळ्यांत सपशेल नापास होता.

नापास तर सगळेच झाले. पोळ्याच्या सकाळी, टी-शर्टचा नाद सोडून, सगळ्या फाईली आभाळासकट पाठवल्या आणि तासाभरात बंगळूरहून उत्तर आलं: तुमच्या सर्व चित्रांवर डाग आढळले आहेत, कृपया साफ करून पाठवा. मी खुर्चीतून पडायचा राहिलो. माझ्या इंग्रजीत कळवलं, की हे डाग नाहीत, सुरक्षेसाठी लावले आहेत. त्यांनी विचारलं, कोणत्या प्रकारची सुरक्षा? मी लिहिलं, सगळ्या प्रकारची. यावर ते काय वाद घालणार? फाईली मंजूर झाल्या. दुपारी, गावोगाव तोरणाखाली जोड्या उभ्या राहत असताना, जितक्या उरल्या होत्या तितक्या, चाचांच्या नावाचं दुकान उघडलं. पहिली मागणी पुण्याहून आली. दर्यापूरकडचाच कुणी मुलगा. त्यानं खाली लिहिलं होतं, आमच्या घरच्या बैलाच्या खुराशी काळं बोट होतं, ते येईल ना? 

येईल म्हटलं. तेवढंच तर येईल.

पोळा झाला आणि आठवड्यानं चाचांचा निरोप आला, येऊन जा. गेलो तर अंगणात घासलेटचा वास, कुंचले काळेभोर, ओले. एकजण आपल्या ट्रॅक्टरचं चित्र काढून घ्यायला येऊन बसला होता, आणि चाचा त्या ट्रॅक्टरकडे अर्धा तास नुसतं पाहत होते. तो आपल्याला पाहतो की नाही, ते ठरत नव्हतं म्हणे. माझ्यासाठी त्यांनी एक पत्रा तयार ठेवला होता. दुकानात लावाले, म्हणाले. चित्रात मी संगणकापुढे बसलोय, तोंड उघडं, आणि माझ्या खांद्यावरून तहसीलदार पडद्यात डोकावतोय, त्याच त्या नापसंतीच्या डोळ्यांनी. माझा चेहरा इतका माझा होता, की मला जरा रागच आला.

मग मी तीट शोधायला लागलो. बैलाच्या गालावर होती, ठसठशीत. माझ्या गालावर पाहिलं. कपाळावर, कानामागे, टेबलाखाली, आभाळात. पत्रा उलटा करूनही पाहिला.

"चाचा, मले तीट लावाची राह्यली."

चाचा कुंचला धूत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"राह्यली नाई. तुया थोबाडाले कोनाची नजर लागते बे?"